हरकत में बरकत

मराठवाड्यातल्या मुसलमान घरांत सगळ्यात जपून ठेवलेला कागद कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी निकाहनामा म्हणणार नाही, शाळेचा दाखलाही म्हणणार नाही. मी म्हणेन, घरपट्टीची पावती. आमच्या पोखर्णीच्या घरात अब्बांनी या पावत्या वर्षवार लावून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्या आहेत. काहींची शाई उडाली आहे, काही घडीवर फाटल्या आहेत. पण एकही टाकून दिलेली नाही. 2019 च्या डिसेंबरात नागरिकत्व सुधारणा कायदा झाला, सोबत नागरिक नोंदणीची चर्चा सुरू झाली आणि अशा पिशव्यांची किंमत सगळ्यांनाच कळली. शहरात गेलेले नातेवाईक गावाकडे फोन करू लागले. आजोबांच्या नावाचा नमुना आठ काढून ठेवा, जुनी पावती सापडते का बघा. कर भरल्याचा कागद हा आपण इथलेच असल्याचा पुरावा होऊन बसला.

पण मला आज पावतीबद्दल कमी आणि तिच्या आधीच्या कागदांबद्दल जास्त बोलायचं आहे. पावतीच्या आधी बिल येतं. बिलाच्या आधी नोटीस येते. नोटिशीच्याही आधी कुणीतरी येऊन घर मोजून जातं. या तीन गोष्टींकडे आपलं लक्ष नसतं. आपण थेट पावतीवर येतो. आणि गेल्या काही वर्षांत शहराशहरांत मालमत्ता करावरून जो संताप उसळतो आहे, त्यात आपला मोहल्ला गप्प का असतो, याचं उत्तर मला या सवयीत दिसतं.

आधी गावाचं सांगतो. पोखर्णी हे परभणी-गंगाखेड रस्त्यावरचं गाव. नृसिंहाच्या देवस्थानामुळे लोकांना माहीत असलेलं. रेल्वे स्टेशनचं नावसुद्धा पोखर्णी नृसिंह. इथे महापालिका नाही, ग्रामपंचायत आहे. घराची नोंद नमुना 8 मध्ये असते आणि कोणाकडून किती येणं आहे ते नमुना 9 मध्ये. पूर्वी घराच्या क्षेत्रफळावर कर बसायचा. 2015 च्या अखेरीस नियम बदलले आणि घराच्या भांडवली मूल्यावर आकारणी आली. म्हणजे जागेचा सरकारी दर काय, बांधकाम मातीचं की स्लॅबचं, घर किती जुनं, वापर राहण्याचा की धंद्याचा, हे सगळं धरून हिशेब. कर गावातही वाढतो आणि लोक गावातही कुरकुरतात. पण गावात कर मागणाऱ्याला चेहरा असतो. सरपंच रस्त्यात भेटतो. शिपाई बिल घेऊन दारात येतो तेव्हा अम्मी त्याला तिथेच ऐकवते, "ही मागची खोली पडून दोन पावसाळे झाले, तिची कसली पट्टी?" आणि तो म्हणतो, "अर्ज द्या काकी, पुढच्या मीटिंगला घेऊ." अर्जाचं पुढे काय होतं ते अल्लाह जाणे, पण बोलायला माणूस असतो.

शहरात तो नसतो. माझे चाचा चाळीसेक वर्षांपूर्वी कामासाठी मराठवाड्यातल्या एका शहरात गेले. शहराचं नाव मी लिहीत नाही, कारण ही गोष्ट एकाच शहराची नाही. तिथे त्यांनी बाँड पेपरवर छोटा प्लॉट घेतला, दोन खोल्या बांधल्या, पुढे वर पत्र्याची तिसरी काढली. आपल्या लोकांच्या शहरातल्या कितीतरी वस्त्या अशाच उभ्या राहिल्या. सरकारी भाषेत त्यांना गुंठेवारी म्हणतात. 2001 साली अशा वस्त्या नियमित करण्यासाठी कायदा झाला, 2021 मध्ये त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली गेली. पण पैसे भरून फाइल पूर्ण करणं प्रत्येकाला जमलं नाही. अशा घरमालकाच्या मनात कायम एक भीती असते: आपण आवाज केला तर साहेब आधी आपलंच बांधकाम बघेल. ही भीती नुसती मनातली नाही. महापालिका कायद्यात अनधिकृत बांधकामाला मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लावण्याची तरतूद आहे.

तर चाचांच्या गल्लीत एक दिवस हातात टॅब घेतलेली दोन पोरं आली. घर मोजलं, फोटो काढले, गेली. चाची समोरच्या खोलीत मशीनवर मोहल्ल्यातल्या बायकांचे कपडे शिवते. पोरांनी मशीन पाहिलं आणि ती खोली दुकान म्हणून लिहिली. काही महिन्यांनी बिल आलं ते आधीच्या अडीच पट. मी विचारलं, "चाचा, नोटीस आली होती का?" चाचा म्हणाले, "आई थी कुछ. रख दिया." मग म्हणाले, "भर देंगे बेटा. रजिस्टर में अपना नाम चलते रैना, बस."

त्याच प्रभागात करवाढीविरुद्ध मोर्चा निघाला होता. चाचांच्या शेजारच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षक राहतात, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. ते चाचांच्या जुन्या ओळखीचे. मी तिथे असताना ते आले आणि जरा रागातच म्हणाले, "तुमच्या गल्लीतून एक माणूस आला नाही. बिलं काय फक्त आम्हालाच आलीत?" चाचा हसले, चहा मागवला, विषय बदलला. गुरुजी गेल्यावर मला म्हणाले, "मोर्चे में फोटो निकलता बेटा. कल कुछ हुआ तो फोटो में से किसको उठाते, मालूम ना?"

मला दोघांचंही खरं वाटलं. गुरुजींना वाटतं, हे लोक सोबत येत नाहीत. चाचांना वाटतं, आपल्यासाठी रस्त्यावर येण्याची किंमत वेगळी आहे. बिल मात्र दोघांनाही तेच आलं आहे. कराच्या तक्त्यात धर्माचा रकाना नसतो.

आता कर वाढतो का, तेही समजून घेतलं पाहिजे, नाहीतर नुसती शिवीगाळ होते. मराठीत जकात हा शब्द नाक्यावरच्या करासाठी वापरला जातो. आमच्या घरात जकात म्हणजे रमजानमध्ये मालाच्या हिशेबावर काढायचा गरिबाचा हक्क. शब्द एकच, अरबीतून आलेला, पण मराठीत तो ट्रकच्या रांगेला जाऊन चिकटला. ही नाक्यावरची जकात शहरांच्या कमाईचा मोठा आधार होती. नगरपालिकांची जकात 1999 मध्ये बंद झाली. महापालिकांमध्ये पुढे तिच्या जागी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी आला. व्यापाऱ्यांनी त्याला कडाडून विरोध केला आणि 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींच्या आतली उलाढाल असलेल्यांना तो माफ झाला. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि उरलंसुरलंही गेलं. आता सरकार भरपाईचं अनुदान देतं, पण शहराच्या स्वतःच्या हातात मोठा असा एकच कर राहिला, घरावरचा. त्यात पंधराव्या वित्त आयोगाने अट घातली की राज्यांनी मालमत्ता कराचे किमान दर ठरवावेत आणि वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या वेगाने वाढवावी, तरच शहरांना केंद्राचं अनुदान मिळेल. म्हणजे तुमच्या दारात टॅब घेऊन आलेल्या पोराच्या मागे दिल्लीपर्यंत साखळी आहे.

या साखळीत एक कडी गळालेली होती, नगरसेवकाची. राज्यातल्या बहुतेक महापालिकांची मुदत 2020 ते 2022 च्या दरम्यान संपली आणि ओबीसी आरक्षणाच्या वादात निवडणुका अडकल्या. परभणीसह 29 महापालिकांचं मतदान शेवटी जानेवारी 2026 मध्ये झालं. मधली कितीतरी वर्षं प्रशासकांचा कारभार होता. कर लावणारं कार्यालय होतं, पण ज्याच्या घरी जाऊन "भाऊ, हे काय लावलं?" विचारता येईल असा निवडून आलेला माणूस नव्हता. लोकांचा राग नुसत्या आकड्यावर नव्हता. ऐकून घेणारं कुणी नाही, हा त्या रागाचा मोठा भाग होता.

जिथे लोकांनी ऐकायला लावलं, तिथे काय झालं ते पाहू. नाशिकला फेब्रुवारी 2018 मध्ये तुकाराम मुंढे आयुक्त म्हणून आले. आपल्या मराठवाड्याचेच, बीड जिल्ह्यातले, कडक शिस्तीचे. मार्चअखेर त्यांनी भाडेमूल्याचे दर बरेच वाढवले आणि त्यात मोकळ्या जागाही आल्या. शहराच्या हद्दीतल्या शेतजमिनीवर कर बसणार म्हणून शेतकरी रस्त्यावर उतरले. नगरसेवकांनी विरोध केला, पण आयुक्त मागे हटेनात. प्रकरण अविश्वास ठरावापर्यंत गेलं आणि 1 सप्टेंबर 2018 ला त्यासाठी सभा ठरली. त्याआधी आयुक्तांनी वाढ निम्मी केली आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या सांगण्यावरून ठराव मागे घेतला गेला. नोव्हेंबरात मुंढेंची बदली झाली. मुंढे प्रामाणिक अधिकारी होते असं मानणारे नाशिकमध्ये तेव्हाही खूप होते. प्रामाणिक माणसानेही न विचारता कर लावला तर लोक तो मानत नाहीत, एवढं त्यातून दिसलं.

पुण्यात स्वतः राहणाऱ्या घरमालकाला 1970 पासून करात 40 टक्के सवलत होती. 2018 मध्ये ती रद्द करण्याचा निर्णय झाला, जास्तीची बिलं गेली, लोक वर्षानुवर्षं पाठपुरावा करत राहिले आणि 2023 मध्ये राज्य सरकारने ती परत दिली. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर जानेवारी 2022 मध्ये माफ झाला. पिंपरी-चिंचवडमध्ये हजारो घरांवर बसलेली ती दुप्पट शास्ती 2023 मध्ये माफ झाली. त्या घरांचं दुखणं चाचांच्या घराहून वेगळं नव्हतं: बांधकाम अनधिकृत, राहणारे कष्टकरी. फरक एवढाच की त्यांनी ते दुखणं प्रत्येक निवडणुकीत बोलून दाखवलं. मराठवाड्यातल्या पत्र्याच्या दोन खोल्यांना मुंबईसारखी माफी का नाही, हा प्रश्न विचारायला हवा. पण विचारणार कोण?

घरावरच्या कराचं भांडण जुनं आहे. ईस्ट इंडिया कंपनीने 1810 मध्ये बनारससारख्या शहरांत घरपट्टी लावली, तेव्हा तिथल्या लोकांनी घरंदारं आणि दुकानं बंद केली आणि शहराबाहेर जाऊन बसले. लोहार, विणकर, न्हावी, शिंपी, पालखीचे भोई सगळे सामील झाले. त्यात हिंदू होते आणि मुसलमान विणकरही होते. अर्जामागून अर्ज झाले आणि शेवटी कंपनीने तो कर मागे घेतला. गांधीवादी इतिहासकार धर्मपाल यांनी 1971 च्या आपल्या पुस्तकात ही सगळी कागदपत्रं छापली आहेत. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ते विणकर आपण इथले आहोत हे सिद्ध करायला बसले नव्हते. घर आमचं, गाव आमचं, म्हणून कर कसा लावायचा यात आमचं म्हणणं आहे, असं ते सांगत होते.

आपलं नेमकं उलटं झालं आहे. आपण कर भरतो तो पुराव्यासाठी. आणि जो पुराव्यासाठी भरतो तो आकडा तपासत नाही. त्याला वाटतं, तक्रार केली तर नावच कापतील. पण कायदा काय म्हणतो? घरपट्टीची पावती मालकीचा पुरावा नाही, हे न्यायालयांनी अनेकदा सांगितलं आहे. त्या घरात कर कोण भरतो एवढंच ती सांगते. मालकीसाठी खरेदीखत लागतं, गावठाणात आता स्वामित्व योजनेतून मिळणारी मिळकत पत्रिका लागते. तेव्हा पावती जपा, जरूर जपा, पण तिच्यावर जेवढा भार आपण टाकला आहे तेवढा ती पेलत नाही. आणि हरकत घेतल्याने नाव कापलं जात नाही. उलट हरकतीचा अर्ज, त्यावरचा शिक्का, सुनावणीची नोंद हे सगळे त्या घरात तुम्ही राहत असल्याचेच कागद आहेत.

मी चाचांना हे सगळं समजावलं. ते लगेच मानले असं नाही. मोर्चाला ते शेवटपर्यंत गेले नाहीत, आणि मी आग्रह केला नाही. पण मी त्यांच्यासोबत बसून बिल वाचलं. महापालिकेच्या बिलाचा पाया सोपा असतो. घर भाड्याने दिलं असतं तर वर्षाला किती भाडं आलं असतं, ते वार्षिक भाडेमूल्य. त्यातून दुरुस्तीसाठी 10 टक्के वजा केले की करयोग्य मूल्य. त्यावर सामान्य कर, वृक्ष कर, अग्निशमन वगैरे ओळी. शिक्षण कराची ओळ राज्य सरकारची, महापालिका फक्त गोळा करून देते. रोजगार हमीचा कर बिगरनिवासी जागेलाच लागतो. चाचांच्या बिलात ती ओळ होती. तिथेच चूक सापडली. शिलाई मशीनने दोन खोल्यांच्या घराला दुकान करून टाकलं होतं.

नशिबाने हरकतीची मुदत संपायला थोडे दिवस होते. आम्ही एक पानाचा मराठी अर्ज लिहिला. मालमत्ता क्रमांक, खोलीचं माप, वापर काय, फोटो. दोन प्रतींत दिला आणि एका प्रतीवर शिक्का मारून घेतला. तो अर्ज पाहून गल्लीतल्या आणखी काही जणांनी आपापली बिलं आणली. कुणाच्या जिन्याचं माप खोलीत धरलेलं, कुणाची पडलेली भिंत उभी दाखवलेली. अर्ज लिहायला गुरुजी येऊन बसले. त्यांचं अक्षर चांगलं आणि सरकारी मराठी त्याहून चांगली. चाचांच्या ओट्यावर संध्याकाळी दोन्ही गल्ल्यांची बिलं एकत्र वाचली गेली. जे मोर्चात झालं नाही ते ओट्यावर झालं.

निकाल सांगतो. पुन्हा माप झालं, दुकान निघून घर झालं. दरवाढ मात्र तशीच राहिली. बिल अडीच पटीवरून दीड पटीवर आलं. ही काही मोठी फतेह नव्हे. दरांचं भांडण एकेकट्या अर्जाने सुटत नाही, त्यासाठी सभागृहात बोलणारा लागतो. आणि सुनावणीत म्हणणं नाकारलं तर कोर्टात अपील करण्याआधी मागितलेली रक्कम भरावी लागते, जे गरिबाला परवडत नाही. कायद्याचा हा दरवाजा उघडा आहे, पण उंबरा फार उंच आहे. हा उंबरा कमी व्हावा ही मागणी सगळ्यांनी मिळून करायची आहे.

"भरूच नका" म्हणणाऱ्यांच्या मागे मात्र जाऊ नका. थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती लागते, वर्षाचे 24 टक्के झाले. पुढारी निघून जातो, शास्ती घरात राहते. आणि "आम्ही जकात देतो, मग हा कर कशाला" असं म्हणणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे की जकात ही इबादत आहे, घरपट्टी हा शहरातला आपला वाटा आहे. नाली, दिवा, घंटागाडी यांचे पैसे त्यातून जातात. मशिदीच्या इबादतीच्या जागेला सामान्य कर नाही, तसा मंदिरालाही नाही. पण मशिदीच्या भाड्याच्या दुकानांना आहे, आणि तो वेळेवर भरला पाहिजे. भरला तर आपल्या गल्लीतला दिवा चार महिने का बंद आहे, हे ताठ मानेने विचारता येतं.

जकातवरून आठवलं. दर रमजानला आपल्या घरातली मोठी माणसं हिशेबाला बसतात. निसाब साडेबावन्न तोळे चांदीचा धरायचा की साडेसात तोळे सोन्याचा, वर्ष पूर्ण झालं का, कोणाकडून येणं आहे, किती देणं आहे, मग अडीच टक्के. राहतं घर त्यात धरत नाहीत. कारागिराचं हत्यार धरत नाहीत, म्हणजे चाचीची शिलाई मशीनही नाही. ज्या घरात शाळा न शिकलेली आजीसुद्धा हा हिशेब चुकत नाही, त्या घराला महापालिकेचं बिल वाचता येणार नाही, हे मला पटत नाही. आपल्याला हिशेब येतो. आपण तो दुसऱ्याने केलेला असला की डोळे मिटून घेतो.

तेव्हा माझी विनंती साधी आहे. या वर्षीचं बिल भरायच्या आधी वाचा. माप, वापर, बांधकामाचा प्रकार, वर्ष, या चार गोष्टी आपल्या घराशी जुळतात का ते पाहा. नोटीस आली तर त्यावरची हरकतीची तारीख कॅलेंडरवर लिहा. शेजाऱ्याचं बिलही वाचून द्या, तो कुठल्या गल्लीचा आहे ते न पाहता. आणि प्रभागात जो निवडून आला आहे त्याला दरांबद्दल लेखी विचारा.

आपले बुजुर्ग म्हणायचे, हरकत में बरकत. अरबीत हरकत म्हणजे हालचाल. माणूस हलला की अल्लाह बरकत देतो. तोच शब्द मराठीत आला आणि त्याचा अर्थ झाला आक्षेप. चाचांना मी हे सांगितलं तेव्हा ते खूप हसले. मग म्हणाले, "तो फिर दोनों करेंगे. हरकत भी, बरकत भी."